मूल कॉन्व्हेंटमध्ये पहिलीत गेलं: टीचरांशी बोलायचं कसं, लिहायचं कसं

जूनच्या मध्यावर शाळा सुरू होते आणि पहिल्याच आठवड्यात मुलाच्या दप्तरातून जाड पुठ्ठ्याचं एक पुस्तक घरी येतं. कुठे त्याला कॅलेंडर म्हणतात, कुठे हँडबुक, कुठे नुसतं डायरी. मुंबई, ठाणे, वसई, पुणे, नाशिक इथल्या बहुतेक कॉन्व्हेंट आणि मिशनच्या शाळांत पालक आणि टीचर यांच्यातला निम्म्याहून जास्त व्यवहार याच पुस्तकातून चालतो. ज्या घरातून याआधी कुणी इंग्लिश मीडियमला गेलेलं नसतं, तिथे ते कव्हर घालून, नाव लिहून दप्तरात ठेवलं जातं आणि तिथेच राहतं. मग ऑक्टोबरात टीचर म्हणतात, 'मी तीन वेळा लिहिलं, तुमची सही एकदाही नाही.' आणि पालक म्हणतात, 'आम्हाला कुणी काही सांगितलंच नाही.' दोघंही खरं बोलत असतात.

हा लेख अशा घरांसाठी आहे, पहिली ते चौथीपुरता. शाळा राज्य मंडळाची आहे असं धरलं आहे.

पहिला आठवडा: कॅलेंडर भरा

पेन घेऊन अर्धा तास बसा. सुरुवातीच्या पानांवर नाव, वर्ग, तुकडी, रोल नंबर, जनरल रजिस्टर (शाळेची प्रवेश नोंदवही) नंबर, रक्तगट आणि दोन मोबाईल नंबर मागितलेले असतात. दुसरा नंबर आई-बाबांपैकीच कुणाचा तरी देण्यापेक्षा दुपारी हमखास घरी असणाऱ्याचा द्या: आजी, मावशी, शेजारच्या काकू. मुलाला दुपारी ताप भरला की शाळेच्या ऑफिसातून फोन जातो. आई लोकलमध्ये, बाबा मीटिंगमध्ये, आणि मूल सिक रूममध्ये दीड तास बसून, असं त्याशिवाय टळत नाही.

नमुना सहीचा चौकोन असतो. आई, बाबा आणि मुलाचं रोजचं बघणारं तिसरं माणूस, यांच्या सह्या त्यात हव्यात. पुढे वर्षभर टीचर याच सह्यांशी ताडून बघतात. सही केलेली नसली की चौथीतली मुलं स्वतःच आईची सही करायला लागतात. हे पकडलं जातं, आणि मग गोष्ट उगाच मोठी होते.

मग सुट्ट्यांचं पान बघा. ख्रिस्ती शाळेत नाताळची सुट्टी मोठी असते, गुड फ्रायडेला शाळा बंद असते, शाळेच्या संरक्षक संताच्या सणाला, म्हणजे फीस्टला, सुट्टी किंवा अर्धा दिवस असतो. सेंट झेवियरच्या नावाची शाळा असेल तर 3 डिसेंबर, सेंट इग्नेशियसची असेल तर 31 जुलै. वर्षातल्या एकूण सुट्ट्यांना सरकारी मर्यादा आहे, त्यामुळे नाताळला दिलेले दिवस कुठून तरी कापले जातात. बहुधा दिवाळीतून. शेजारच्या मराठी शाळेची सुट्टी धरून गावाचं तिकीट काढू नका. रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं आणि कॅलेंडर जूनमध्येच हातात असतं, तेव्हा ही चूक होण्याचं खरं तर कारण नाही.

शेवटच्या पानांत रजेची नोंद, उशिराची नोंद आणि रिमार्कची पानं असतात. ती आज कोरी आहेत. खरा पत्रव्यवहार तिथेच होणार आहे.

त्याच आठवड्यात ऑफिसात एक काम उरकून घ्या. जनरल रजिस्टरमध्ये मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, आडनाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, धर्म आणि जात कशी नोंदली आहे ते प्रत्यक्ष बघायला मागा. जन्मदाखला आणि आधार कार्ड सोबत न्या आणि स्पेलिंग एकेक अक्षर ताडा. एकाच मुलाचं नाव जन्मदाखल्यावर एका स्पेलिंगने आणि रजिस्टरमध्ये दुसऱ्या, असं होतच असतं. मूल शाळेत आहे तोवर अर्ज देऊन, रीतसर मंजुरीने दुरुस्ती होते. शाळा सोडल्याचा दाखला हातात पडल्यावर तीच दुरुस्ती फार जड जाते. जातीच्या रकान्याकडे विशेष लक्ष द्या, कारण पुढे जात पडताळणीत प्राथमिक शाळेची नोंद पुरावा म्हणून मागतात, आणि ऑफिसातल्या क्लार्कने त्या रकान्यात नुसतं 'हिंदू' लिहून ठेवलेलं आढळू शकतं.

कोणतं काम कुणाकडे

ख्रिस्ती शाळा एकाच प्रकारच्या नसतात. काही सिस्टरांच्या किंवा फादरांच्या संघाच्या, म्हणजे काँग्रिगेशनच्या. काही चर्चच्या, म्हणजे पॅरिशच्या. तिथे पॅरिशचे फादर बहुतेकदा शाळेचे मॅनेजर असतात, ते चर्चच्या बंगल्यात भेटतात आणि रोजच्या कारभारात पडत नाहीत. काही प्रॉटेस्टंट मिशनच्या. तिथे सहसा सिस्टर नसतात, प्रिन्सिपल मॅडम किंवा सर असतात. सिस्टर आहेत याची खात्री नसलेल्या बाईंना सिस्टर म्हणू नका आणि सिस्टरना मॅडम म्हटलं तर त्या रागावणार नाहीत, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. वर्गावरच्या बाईंना मुलं 'टीचर' म्हणतात की 'मिस', ते मुलालाच विचारा आणि तेच म्हणा.

अभ्यास, बसायची जागा, डबा, भांडणं, वह्या: वर्गशिक्षिका. एका विषयाची अडचण असली तरी चिठ्ठी आधी वर्गशिक्षिकेच्या नावानेच, कारण कॅलेंडर रोज त्यांच्याच टेबलावर जातं. वर्गशिक्षिकेशी दोनदा बोलूनही सुटलं नाही तर सुपरवायझर किंवा प्रायमरीच्या हेडमिस्ट्रेस. फी, दाखले, बोनाफाइड, बस, युनिफॉर्म: ऑफिस. टीचरना फीबद्दल विचारून उपयोग नाही, त्यांना खरंच माहीत नसतं. आणखी एक गोष्ट नवख्यांना कळत नाही: पुष्कळ शाळांत प्रायमरी विनाअनुदानित आणि सेकंडरी अनुदानित असते, म्हणून एकाच आवारात दोन ऑफिसं, दोन प्रमुख. चुकीच्या खिडकीपुढे तासभर उभं राहण्याआधी गेटवरच्या वॉचमन काकांना विचारा.

सिस्टरांच्या आणि फादरांच्या बदल्या होतात, साधारण मे-जूनच्या सुमारास. गेल्या वर्षीच्या सिस्टरनी 'पुढच्या वर्षी बघू, नक्की करू' म्हणून तोंडी दिलेला शब्द नव्या सिस्टरना माहीत असायचं कारण नाही. जे काही महत्त्वाचं ठरलं, ते त्याच आठवड्यात कागदावर आलंच पाहिजे.

चिठ्ठी कशी लिहायची

पालक दोन टोकांना असतात. इंग्लिश चुकेल या भीतीने काहीच लिहीत नाहीत, किंवा सगळं साठवून एका दिवशी दोन पानं लिहितात. टीचरच्या टेबलावर सकाळी 50 कॅलेंडरं असतात. प्रार्थना आणि हजेरी यांच्यामध्ये त्यांना मिळतात दहा मिनिटं. म्हणून चिठ्ठी चार ओळींची हवी.

वरती तारीख. मग मुलाचं नाव, वर्ग, रोल नंबर, कारण टीचर चिठ्ठी वाचतील तेव्हा मूल जागेवर जाऊन बसलेलं असतं. मग काय झालं ते एका वाक्यात. मग तुम्हाला टीचरकडून नेमकं काय हवं ते एका वाक्यात. खाली सही, आणि आई की बाबा ते.

'टीचर, प्लीज आमच्या मुलीकडे लक्ष द्या, ती खूप हुशार आहे पण शाळेत मागे पडते.' अशी चिठ्ठी वाचून टीचरनी करायचं काय? त्या 'नोटेड' लिहितात आणि पान उलटतात. त्याऐवजी असं:

'8 जुलै. आर्या, पहिली ब, रोल नंबर 23. डॉक्टरांनी तिला परवा चष्मा दिला आहे, लांबचं दिसत नाही. दोन आठवडे पहिल्या किंवा दुसऱ्या बाकावर बसवता येईल का? वर्गात ती चष्मा काढून ठेवते का, तेही कळवा. – आई.'

यावर टीचरना उत्तर देता येतं, आणि त्या देतात.

भाषेचं म्हणाल तर मोडक्या इंग्लिशपेक्षा स्वच्छ मराठी बरी. शिक्षिका गोव्याच्या असोत, मंगळूरच्या, केरळच्या की वसईच्या, शाळेत मराठी हा विषय आहेच आणि चिठ्ठी वाचणारं कुणीतरी असतंच. फक्त अक्षर सुटं काढा. इंग्लिशमध्ये लिहायचं असेल तर तीन-चार शब्दांची वाक्यं लिहा. मोबाईलच्या भाषांतराने बनवलेलं भारदस्त इंग्लिश टाळा: त्यात विनंतीचा हुकूम होतो आणि तो हुकूम तुमच्या सहीने जातो.

आता बिघडतं कुठे? चिठ्ठी लिहिली जाते, पण पोचत नाही. पहिलीतलं मूल कॅलेंडर दप्तरातून काढतच नाही. त्याला आठवडाभर एकच धडा द्या: वर्गात गेल्या गेल्या, बाटली ठेवायच्याही आधी, कॅलेंडर टीचरच्या टेबलावर. पान उघडून, मध्ये कागदाची पट्टी घालून द्या. शाळेचे दोन दिवस थांबा. टीचरची आद्याक्षरं उमटली नाहीत तर त्याच चिठ्ठीखाली 'कृपया बघावे' एवढंच लिहा, नवी चिठ्ठी नको. तिसऱ्या दिवशीही काही नाही, तर ऑफिसात फोन करून 'वर्गशिक्षिकेला भेटायचं आहे, कोणत्या वेळी येऊ' असं विचारा. टीचरांना भेटायची वेळ ठरलेली असते, आठवड्यातला एखादा दिवस, शाळा सुटल्यावर; ती कॅलेंडरात छापलेली असते. सकाळी मुलाला सोडताना गेटवर टीचरना गाठणं हा सर्वांत वाईट मार्ग. त्या वर्गाकडे धावत असतात, 'हो हो' म्हणतात आणि अकरा वाजेपर्यंत विसरतात. दोष त्यांचा नसतो.

आणि रोज रात्री जेवणाआधी कॅलेंडर उघडून बघायचं. काही लिहिलेलं नसलं तरी. दोन मिनिटांचं काम आहे.

रजा, उशीर, मध्येच नेणं

एक-दोन दिवसांची रजा असेल तर मूल परत जाईल त्या दिवशी रजेच्या पानावर तारखा, कारण, सही. तीनपेक्षा जास्त दिवस झाले की बहुतेक शाळा डॉक्टरांचा दाखला मागतात. कांजिण्या, गोवर, डोळे येणं असं काही असेल तर एका दिवसाच्या रजेलाही तो द्यावा. लग्न, वास्तुशांत, गावची जत्रा यांसाठी आधी परवानगीचा अर्ज हेडमिस्ट्रेसच्या नावाने द्या. आजारपणाचं खोटं कारण लिहू नका. पहिलीतलं मूल सोमवारी वर्गात मामाच्या लग्नातल्या घोड्याचं वर्णन करतंच.

मधल्या वेळेत मुलाला न्यायचं असेल तर कॅलेंडरातली चिठ्ठी आणि स्वतः येणारं, नमुना सही दिलेलं माणूस, दोन्ही लागतात. 'काकांना पाठवते' असं फोनवर सांगून भागत नाही. वॉचमननी अडवलं तर वाद घालू नका, ते त्यांचं काम करताहेत. औषध शाळेत द्यायचं असेल तर बाटली दप्तरात टाकून मुलाला सूचना देऊ नका. डोस, वेळ आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत ऑफिसात द्या.

रिमार्कमधली भाषा

लाल शाईतला रिमार्क आला की घरात आधी मुलाला ओरडा बसतो. थोडं थांबून तो वाचला तर त्यात बरंच असतं. रिमार्कचे शब्द ठरावीक आहेत आणि टीचर ते घाईत लिहितात, म्हणून त्यामागचं काय ते आपणच विचारून काढायचं.

'वर्क इनकम्प्लीट' (काम अपूर्ण) हा सर्वांत जास्त येणारा. पहिली-दुसरीत याचा अर्थ आळस असा क्वचितच असतो. फळ्यावरचं उतरवताना मूल एकेक अक्षर वर बघून, खाली बघून काढतं. मराठीत विचार करणाऱ्या मुलाला शब्दाचा आकार अजून ओळखीचा नसतो, त्यामुळे चार ओळी होईतो फळा पुसला जातो. विचारा: 'फळ्यावरून उतरवताना मागे पडतो का, की उतरवतो पण चुकतो?' पहिलं असेल तर घरी रोज पाच ओळी बघून लिहायचा सराव आणि डोळ्यांची तपासणी. दुसरं असेल तर वेगळं काम.

'नॉट अटेंटिव्ह' (लक्ष नसतं) किंवा 'डझ नॉट फॉलो इन्स्ट्रक्शन्स' (सूचना पाळत नाही): पुष्कळदा मुलाला सूचनाच कळलेली नसते. 'ओपन युअर बुक्स' म्हटल्यावर ते शेजाऱ्याकडे बघून पुस्तक काढतं, म्हणजे नेहमी दहा सेकंद मागे. सतत असं होत असेल तर कानाचीही तपासणी करून घ्या. 'टॉकेटिव्ह' (बडबड करतो) असेल तर शेजारी कोण बसतं ते विचारा. 'रेस्टलेस' (चुळबुळ करतो) असेल तर कोणत्या तासाला ते विचारा. शेवटच्या दोन तासांना असेल तर कदाचित डब्याचा प्रश्न आहे, कारण सकाळच्या शाळेतलं मूल बरेचदा फक्त दूध पिऊन घराबाहेर पडलेलं असतं.

रिमार्कखाली नुसती सही करू नका. एक ओळ लिहा: काय केलं ते. 'घरी रोज पाच ओळी लिहून घेतो. 15 दिवसांनी कळवावे.' हे वाचल्यावर टीचरही त्या मुलाकडे त्या 15 दिवसांत वेगळ्या नजरेने बघतात. आणि रिमार्क चुकीचा वाटला तर कॅलेंडरात भांडण लिहू नका, ते पान मूलही वाचतं. 'याबद्दल भेटायचं आहे' एवढंच लिहा.

'घरी इंग्लिश बोला'

हा सल्ला प्रत्येक मराठी घराला कधी ना कधी मिळतोच. टीचर तो चांगल्या मनाने देतात, पण जसाच्या तसा पाळण्यात अर्थ नाही. आई-बाबांनी अडखळत इंग्लिश बोलायला सुरुवात केली की घरात बोलणंच कमी होतं, आणि बोलणं कमी झालेल्या मुलाची कुठलीच भाषा वाढत नाही. टीचरना त्याऐवजी नेमकं विचारा: वर्गात रोज वापरता ती वाक्यं कोणती? पहिलीच्या वर्गात ती वीस-पंचवीसच असतात. 'मे आय गो टू द टॉयलेट', 'मे आय ड्रिंक वॉटर', 'आय हॅव फिनिश्ड', 'आय डोन्ट अंडरस्टँड', 'ही इज ट्रबलिंग मी'. ती लिहून घ्या आणि खेळाखेळात घोकून घ्या. पहिलं वाक्य सर्वांत आधी. जूनमध्ये पहिलीत चड्डी ओली होते ती बरेचदा हे वाक्य तोंडात न आल्यामुळे, आणि ते मूल दुसऱ्या दिवशी शाळेत जायला नकार देतं. टीचरना पहिल्याच आठवड्यात लिहून द्या की मुलाला घाईची लागली तर ते मराठीत सांगेल, त्याला जाऊ द्यावं.

मराठी विषयात मात्र तुम्हीच घरचे टीचर आहात. 2020 च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली आहे, तेव्हा तो विषय कडेला टाकायचा नाही.

शाळेत बोलायला गेल्यावर मुलाला दुभाषी करू नका. टीचर म्हणतात 'ही पुशेस अदर्स' (दुसऱ्यांना ढकलतो), मूल घरच्यांना सांगतं 'टीचर म्हणतात मी छान खेळतो'. 'टीचर, मराठीत किंवा हिंदीत सांगाल का' असं सरळ म्हणा. यात कमीपणा काही नाही.

ओपन डे

ओपन डे म्हणजे पालकांनी शाळेत जाऊन उत्तरपत्रिका बघायचा आणि टीचरना भेटायचा दिवस. वर्गात 50 मुलं. ओपन डे साडेआठ ते साडेअकरा, म्हणजे 180 मिनिटं. तुमच्या वाट्याला साडेतीन मिनिटं आणि थोडे सेकंद. यात उत्तरपत्रिका बघायच्या, सही करायची आणि बोलायचं. म्हणून बोलणं घरून ठरवून न्यावं लागतं.

आधी निकाल कसा बनतो ते समजून घ्या. राज्य मंडळाच्या शाळांत 2010 पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. पहिली-दुसरीत आकारिक मूल्यमापनाला 70 टक्के आणि सत्राच्या शेवटच्या लेखी-तोंडी परीक्षेला, म्हणजे संकलितला, 30 टक्के. तिसरी-चौथीत 60 आणि 40. आकारिक म्हणजे वर्षभरातलं तोंडी काम, प्रकल्प, कृती, वर्गकार्य, गृहपाठ, छोट्या चाचण्या. श्रेणी 91 पासून पुढे अ-1, 81 ते 90 अ-2, 71 ते 80 ब-1, अशा उतरत जातात. तेव्हा परीक्षेच्या आदल्या आठवड्यात घरात कर्फ्यू लावून फारसं हलत नाही. ऑगस्टमध्ये बुडलेली कवितेची तोंडी परीक्षा जास्त महाग पडते. ती बुडाली असेल तर पुन्हा घेता येईल का, हे त्याच आठवड्यात चिठ्ठीने विचारा. ओपन डेला उशीर झालेला असतो.

बाकावर बसल्यावर पहिलं मिनिट उत्तरपत्रिकेला. बेरीज बघा, न तपासलेलं पान राहिलंय का बघा. चूक सापडली तर तिथेच शांतपणे दाखवा, सही करून घरी गेल्यावर नाही. मग दोन प्रश्न, फक्त दोन. एक अभ्यासाचा: 'वाचताना अडतो कुठे, अक्षर जोडताना की अर्थ लावताना?' एक वागण्याचा: 'सुट्टीत कुणाबरोबर असतो?' एकटा असतो असं उत्तर आलं तर तेच या भेटीतलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य. तिसरा प्रश्न असेल तर वेगळी वेळ मागा.

'वर्गात पहिला कोण आला', 'बाजूच्या अमक्याला किती पडले' हे विचारू नका. टीचर सांगणार नाहीत, आणि शेजारी उभं असलेलं तुमचं मूल ऐकत असतं. बाबांनीही जावं. पहिलीपासून चौथीपर्यंत बाबा एकदाही न दिसलेली घरं टीचरांच्या बरोबर लक्षात असतात. घरी आल्यावर टीचर काय म्हणाल्या ते कॅलेंडरात तारीख घालून दोन ओळींत लिहून ठेवा.

प्रार्थना, मेंदी, टिकली

सकाळच्या असेंब्लीत प्रार्थना असते, बायबलमधला उतारा असतो, राष्ट्रगीत असतं. कॅथलिक मुलांना वेगळा कॅटेकिझमचा, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाचा, तास असतो. त्याच वेळी इतर मुलांना मॉरल सायन्स किंवा व्हॅल्यू एज्युकेशन. दोन्हींची पुस्तकं वेगळी असतात, त्यामुळे पुस्तकांच्या यादीत काय खूण केली आहे ते बघून विकत घ्या.

मूल घरी येऊन 'अवर फादर' ही ख्रिस्ती प्रार्थना म्हणू लागलं की आजी दचकते. बहुसंख्य मराठी घरं ते सहज घेतात. तुम्हाला नको असेल तर तोही हक्क आहे: राज्यघटनेच्या कलम 28(3) प्रमाणे सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत अल्पवयीन मुलाला पालकांच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षण किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. ते सांगायचा मार्ग म्हणजे वर्षाच्या सुरुवातीला प्रिन्सिपलच्या नावाने तीन ओळींचं सौम्य पत्र. मुलाला 'तू हात जोडू नकोस' असं शिकवून असेंब्लीत एकटं उभं करू नका, लढाई त्याच्या अंगावर टाकू नका.

खरा खटका उडतो तो मेंदी, बांगड्या, टिकली, पैंजण यांवरून. हे नियम बहुधा युनिफॉर्मच्या पानावर छापलेले असतात आणि प्रवेश घेताना तुम्ही त्यावर सही केलेली असते. घरात लग्न आहे तर आदल्या दिवशी चिठ्ठी द्या: 'मावशीचं लग्न रविवारी आहे, मेंदी आठवडाभर राहील.' आधी आलेल्या चिठ्ठीवर टीचर बहुतेक वेळा 'ओके' लिहितात. तीच गोष्ट सोमवारी रंगलेल्या हातांवर दिसली की रिमार्क येतो. नियमच पटत नसेल तर तो विषय पालक-शिक्षक संघात मांडावा, टीचरशी गेटवर नाही.

व्हॉट्सॲप ग्रुप आणि पालक-शिक्षक संघ

वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप पालकांचा असतो, शाळेचा नाही. उद्या कोणती वही आणायची ते तिथे विचारा. टीचरबद्दल, दुसऱ्याच्या मुलाबद्दल एक अक्षर तिथे लिहू नका. स्क्रीनशॉट दुपारपर्यंत स्टाफरूममध्ये पोचतो. 'उद्या सुट्टी आहे म्हणे' अशा निरोपांवर विश्वास न ठेवता शाळेचं सर्क्युलर किंवा ॲप बघा. मुसळधार पावसात हे विशेष.

पालक-शिक्षक संघ मात्र कायद्याने आहे. महाराष्ट्राच्या 2011 च्या शुल्क विनियमन कायद्यानुसार खासगी शाळेत वर्ष सुरू झाल्यापासून 30 दिवसांत तो स्थापन व्हावा लागतो. प्रत्येक पालक आपोआप सभासद असतो. कार्यकारी समितीत प्रत्येक इयत्तेतून एक पालक आणि एक शिक्षक असतात, इच्छुक पालकांतून चिठ्ठ्या टाकून निवड होते, आणि फीवाढीचा प्रस्ताव याच समितीपुढे येतो. म्हणून जून-जुलैत फॉर्म येईल तो भरा. मराठी घरं 'आपलं इंग्लिश काय' म्हणून तो रिकामा परत पाठवतात आणि मग मार्चमध्ये फीवरून ग्रुपवर चडफडतात.

तक्रार

तक्रारीच्या पायऱ्या: वर्गशिक्षिका, सुपरवायझर किंवा हेडमिस्ट्रेस, प्रिन्सिपल, मॅनेजर किंवा संस्था. पायरी गाळली की वरचे खाली पाठवतात आणि आठवडा जातो. हेडमिस्ट्रेसपासून पुढे सगळं लेखी, दोन प्रतींत. एका प्रतीवर ऑफिसचा आवक शिक्का, तारीख आणि सही घ्या. क्लार्क 'शिक्का नंतर देतो' म्हणाला तर अर्ज स्पीड पोस्टाने किंवा शाळेच्या ईमेलवर पाठवा. अर्जात तारखा, वेळ, काय घडलं, आणि तुम्हाला काय हवं. 'ती टीचर नेहमीच तशी' हे वाक्य खोडून टाका. दाद लागली नाही तर मुंबईत खासगी प्राथमिक शाळांसाठी महापालिकेचं शिक्षण खातं, जिल्ह्यात जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी (प्राथमिक).

मारहाणीला या पायऱ्या लागू नाहीत. 2014 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे अल्पसंख्याक शाळांना मारहाणीवर बंदी घालणारा शिक्षण हक्क कायदा लागू नाही असं कुणी ऐकवलं, तरी बालन्याय कायद्याचं कलम 75 ताब्यातल्या मुलाला क्रूरपणे वागवणाऱ्या कुणालाही लागू होतं. वळ असतील तर फोटो, डॉक्टरांची नोंद आणि त्याच दिवशी प्रिन्सिपलना लेखी. लैंगिक त्रासाचा नुसता संशय असला तरी शाळेच्या चौकशीची वाट न बघता पोलीस किंवा 1098 ही चाइल्ड हेल्पलाइन. मुलाला पुन्हा पुन्हा प्रश्न विचारू नका. ते पहिल्यांदा जे बोललं ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा.

एप्रिलमध्ये

निकाल लागला की कॅलेंडर रद्दीत जातं. ते ठेवा. चष्म्याची चिठ्ठी, टीचरची आद्याक्षरं, रजेच्या तारखा, ओपन डेला लिहिलेल्या दोन ओळी, सगळं त्यात आहे. जूनमध्ये नव्या टीचर येतील, सिस्टरही नव्या असू शकतात. पहिल्या भेटीला जुनं कॅलेंडर पिशवीत असू द्या आणि नव्या कॅलेंडरात पहिली चिठ्ठी त्यातूनच उतरवा: 'आर्या, दुसरी ब. मागच्या वर्षी जुलैपासून चष्मा आहे, पुढच्या बाकावर बसत होती.'